अँबॅसिडरची चुलत बहीण

मुंबई-गोवा हायवेवर आता एमजीच्या गाड्या सर्रास दिसतात. २०१९ साली हेक्टर आली, मग अ‍ॅस्टर, कॉमेट, विंडसर. गाडी बनते गुजरातमधल्या हालोलला, मूळ कंपनी चीनची, आणि २०२४ पासून आपल्या जेएसडब्ल्यू समूहाचाही त्यात वाटा आहे. नाव मात्र इंग्रजी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस यांचं हे गॅरेज होतं. १९२० च्या दशकात तिथले मॅनेजर सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर हलकी, देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. लोकांना ती आवडली. पुढे ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला कारखाना उभा राहिला आणि एमजी हे स्पोर्ट्‌स कारचं नाव झालं. पण नावातला 'जी' गॅरेजचा आहे, हे मला नेहमीच आवडत आलंय. मी गॅरेजवाल्याचा मुलगा आहे.

माझ्याकडे १९७० ची एमजीबी जीटी आहे. बर्मिंगहॅममध्ये राहतो, हॉस्पिटलच्या आयटी विभागात काम करतो, आणि २०१९ साली ही गाडी घेतली. एमजीबी हे मॉडेल १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होतं. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. उघड्या टपाची ती रोडस्टर. वर कायमचं छप्पर आणि मागे काचेचा दरवाजा असलेली ती जीटी. जीटीच्या छपराची रेखा इटलीच्या पिनिनफरिना यांच्या हाताखालून गेलेली. दोन माणसं आरामात बसतात. मागे एक बाक आहे, त्यावर लहान मूल किंवा दोन पिशव्या मावतात.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, स्पोर्ट्‌स कारच्या गोष्टी आम्हाला कशाला? थोडं थांबा. या गाडीचं बॉनेट उघडून कुणा पन्नाशीपुढच्या हिंदुस्थानी मिस्त्रीला आत बघायला सांगा. तो ओळख पटल्यासारखा हसेल. कारण आत जे इंजिन आहे ते अँबॅसिडरच्या घराण्यातलं आहे.

हा आंधळा अभिमान नाही, सरळ वंशावळ आहे. ऑस्टिन कंपनीने १९४० च्या दशकात बी-सिरीज नावाचं चार सिलिंडरचं बिडाचं इंजिन तयार केलं. ते १४८९ सीसीचं झालं तेव्हा १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसलं. तेच १४८९ सीसीचं इंजिन आपल्या हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसिडरमध्ये बसवलं. एमजीबीसाठी इंग्रजांनी ते वाढवून १७९८ सीसीचं केलं आणि दोन कार्बोरेटर दिले. इंग्लंडमध्ये हे घराणं १९८० साली बंद पडलं. आपल्याकडे कलेक्टर, आमदार, लग्नाचं वऱ्हाड आणि दवाखान्याचा पेशंट यांना वाहून नेत ते पुढे बरीच वर्षं चाललं. उत्तरपाड्याचा अँबॅसिडरचा कारखाना बंद झाला तो २०१४ साली.

माझे अब्बा या इंजिनाचे मिस्त्री. बाराव्या वर्षी भायखळ्याच्या एका गॅरेजात शागीर्द म्हणून लागले. शिक्षण सातवी. १९७८ साली चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ पत्र्याचं स्वतःचं गॅरेज टाकलं. हायवेवर बंद पडलेल्या गाड्या, सरकारी अँबॅसिडर, गावातल्या दोनतीन डॉक्टरांच्या फियाट. 'मिसिंग करतेय मिस्त्री' म्हणत गाडी यायची आणि अब्बा बॉनेट न उघडता काही वेळ नुसते उभे राहायचे. आम्हा पोरांना वाटायचं ते दुआ पुटपुटताहेत. ते ऐकत असायचे.

मला मात्र त्यांनी गॅरेजात शिरू दिलं नाही. दुपारचा डबा दाराशी ठेवायचा आणि परत फिरायचं. एकदा मी पाना उचलला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "हे हात काळे करायचे नाहीत. पुस्तक काळं कर." अब्बा घरात कोकणी बोलतात, इथे मी प्रमाण मराठीत लिहितोय. त्या वाक्यात राग नव्हता. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यावर उभं आहे. पण त्याचा परिणाम असा की चाळीस वर्षांचं ज्ञान ज्या घरात होतं, त्या घरात ते कोणाला आलं नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्याबद्दल खूप लिहून आलंय, पुन्हा सांगत नाही. आमच्या गॅरेजात ते पत्र्याला टेकलं. माणसं वाचली, अल्लाहचा शुक्र. अब्बांनी पुढचे दोन महिने चिखल उपसला, जुने पार्ट भंगारवाल्याला तोलून दिले, आणि पाने तेवढे डिझेलमध्ये बुडवून, पुसून, तेल लावून जुन्या लुंगीत गुंडाळून घरी आणले. गॅरेज पुन्हा उघडलं नाही. फोनवर विचारलं की म्हणायचे, "बघू." मग 'बघू' पण म्हणेनासे झाले.

२०२२ च्या रमजान ईदनंतर मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे बोलावून घेतलं. वय ७२. बॅगेत अम्मीने दिलेलं कोकम, सुकट, आणि तळाशी लुंगीत गुंडाळलेले पाने. त्यातल्या एका सेटवर बुलडॉग कुत्र्याचं चित्र होतं. किंग डिक कंपनीचा सेट, अब्बांनी १९७४ साली मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेला. ती कंपनी बर्मिंगहॅमची. म्हणजे पाने चिपळूण करून आपल्या गावी परत आले होते. मी हे सांगितलं तर अब्बा एवढंच म्हणाले, "वजनाचे पैसे पडले असते, पण टाकवेना."

पहिले दोन आठवडे ते खिडकीशी बसून होते. नमाज, जेवण, खिडकी. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. मी ती मुद्दाम दाखवली नव्हती, कारण त्यांच्या गॅरेजचा विषय निघाला की ते उठून जात. एका संध्याकाळी असरनंतर ते स्वतःच शेडमध्ये गेले. मी मागून गेलो तर ताडपत्री अर्धी काढलेली आणि बॉनेट उघडं. टॅपेट कव्हरवर हात ठेवून ते म्हणाले, "हिला दोन कार्बोरेटर का रे?"

त्या दिवसापासून काम सुरू झालं. बर्मिंगहॅमला जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो. आम्ही शाफई, आमची असर लवकर होते. असर ते मगरिब म्हणजे चार तास लख्ख उजेड. नोकरीवरून आलो की मी थेट शेडमध्ये.

गाडीची पहिली तपासणी अब्बांनी इंजिनाची केली नाही. गुडघ्यावर बसून दरवाजाखालची पट्टी बोटाच्या पेराने वाजवत गेले. टण, टण, टण, मग एके ठिकाणी धप्प. "इथे लांबी भरलीये," ते म्हणाले. लांबी म्हणजे पेंटर लोक खड्डे बुजवायला लावतात ती पुट्टी. फ्रिजवरचा लोहचुंबक आणला. टण वाजलं तिथे चिकटला, धप्प वाजलं तिथे खाली पडला. आधीच्या कोणी मालकाने सडलेल्या पत्र्यावर लांबी थापून रंग मारला होता.

एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळा भार पत्र्याची पेटी घेते, आणि त्या पेटीचा कणा म्हणजे दोन्ही दरवाजांखालच्या सिल. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालची पन्हाळ अशा तीन थरांनी बनलेली ती तुळई असते. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी तिथे पोकळ असेल तर तिचा अर्थ एवढाच की ती अजून मोडायची आहे. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. तेच मीठ चाकांबरोबर उडून आत शिरतं. अब्बा म्हणाले, "आपल्याकडे समुद्राचं मीठ, इकडे सरकारी मीठ. गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते."

वेल्डिंग आम्ही पत्राकाम करणाऱ्या एका वर्कशॉपला दिलं. पण सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवी सळई टाकून ती जाम केलीय की नाही, हे बघायला अब्बा स्वतः गेले. तसं न करता सिल कापली तर गाडी मधून बसते आणि नंतर दरवाजा लागत नाही. तिथल्या कारागिराला त्यांनी दोन हातांनी खूण करून विचारलं, त्याने हसून सळई दाखवली. दोघांना एकमेकांचं एक वाक्यही कळलं नसावं. काम मात्र कळलं.

याच सुमाराला आमचे शेजारी शेडमध्ये येऊ लागले. वय सत्तरीच्या आसपास, लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात आयुष्य गेलेलं. तो कारखाना एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कंपनी बुडाली तेव्हा बंद पडला. सुमारे सहा हजार माणसं एका झटक्यात घरी बसली, त्यात हेही होते. नंतर तिथली यंत्रसामग्री चिनी कंपनीने विकत घेतली. आज चिपळूणच्या रस्त्यावर धावणाऱ्या हेक्टरवर जे नाव आहे, त्या नावाची पाटी यांच्या गेटवरून उतरली होती. अब्बांना मी हे समजावून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यांचंही गॅरेज बुडालं म्हण की."

शेजाऱ्यांचं इंग्रजी बर्मिंगहॅमचं, अब्बांचं इंग्रजी गॅरेजचं. टॅपेट, गॅस्केट, बुश, किंगपिन, टायमिंग. या भाषेत व्याकरण नसतं, पण भांडण करता येतं, आणि दोघांनी ते भरपूर केलं. विषय एकच: गाडी सुधारायची की जशी होती तशी ठेवायची?

माझी कल्पना होती की म्हातारा मिस्त्री जुन्याच्या बाजूने असेल. उलटंच निघालं. शेजाऱ्यांना प्रत्येक नट १९७० चा हवा होता. अब्बा म्हणायचे, "कंपनीचं मॅन्युअल म्हणजे काही आसमानी किताब नाही." आयुष्यभर त्यांनी जे मिळेल ते बसवून गाड्या घरी पोचवल्या होत्या. सुधारणा त्यांच्यासाठी शौक नव्हता, रोजचं काम होतं. पण त्यांचा एक नियम होता, आणि तो ऐकल्यावर शेजारीही थोडे नरमले: जे बदलशील ते रस्त्यात बिघडलं तर काय करशील, ते आधी सांग.

या नियमाने आम्ही एकेक गोष्ट चाळली. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, कारण पॉइंट झिजतात आणि दर काही महिन्यांनी पंधरा थाऊचं अंतर पुन्हा लावावं लागतं. पण इलेक्ट्रॉनिक मेलं की मेलं, पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. म्हणून जुना पॉइंट-कंडेन्सरचा संच, स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज डिकीत ठेवलं. हेडलाइटला रिले लावले. नाहीतर सगळा करंट पन्नास वर्षांच्या जुन्या बटणातून जातो आणि ते तापतं. ही वायरिंग ल्युकास कंपनीची, तीही बर्मिंगहॅमची. इंग्रज लोक ल्युकासला गमतीने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. अब्बांना ल्युकास-टीव्हीएसचे डायनॅमो तोंडपाठ, त्यामुळे हा विनोद त्यांना भाषांतर न करता कळला.

पेट्रोलचे पाइप सगळे बदलले. इथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुनं रबर इथेनॉलने भुसभुशीत होतं. आपल्याकडे तर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आलंय, तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी किंवा जुनी मोटारसायकल आहे त्यांनी पेट्रोलच्या नळ्या एकदा हाताने दाबून बघाव्यात. चिरा दिसल्या तर वाट बघू नका. गळकं पेट्रोल आणि तापलेला सायलेन्सर यांची भेट फार लवकर होते.

ब्रेकवर चर्चाच झाली नाही. या गाडीत ब्रेक ऑइलचा एकच मार्ग आहे; एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात. अब्बांनी सगळे पाइप, होज, सील नवे घालायला लावले. शेजाऱ्यांनी ओरिजिनल क्लिप असा शब्द काढताच ते म्हणाले, "ब्रेकमध्ये ओरिजिनल नसतं. ब्रेकमध्ये फक्त नवं असतं."

पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवायचं माझं स्वप्न मात्र या चाळणीत अडकलं. किमतीपायी नाही. जुना गिअरबॉक्स चांगला चालत होता. "चालतंय त्याला हात लावायचा नाही" हा नियम दोघांनाही मान्य होता.

जुलैमध्ये टॅपेट लावायची वेळ आली. आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला पंधरा थाऊचं अंतर. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती शेडच्या दारात मोबाइल घेऊन उभी होती. अब्बांनी तिला हाक मारली, "ये ग, हे धर," आणि फिलर गेज तिच्या हातात दिलं. मी बघत राहिलो. पत्र्याच्या गॅरेजच्या दारातून मला परत पाठवणारे हेच अब्बा.

त्यांनी तिला नवाचा हिशेब शिकवला. इंजिन हाताने फिरवायचं. आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की एक नंबरचा सेट करायचा. सात दाबला की दोन. सहा दाबला की तीन. दोघांची बेरीज नेहमी नऊ. तिने विचारलं, "नऊच का?" अब्बा म्हणाले, "उस्तादने सांगितलं होतं." ती ऐकणारी नव्हती. कागदावर चार सिलिंडर काढले, फायरिंगचा क्रम १-३-४-२ लिहिला आणि अर्ध्या तासाने आली. पहिल्याची आणि चौथ्याची जोडी आहे, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची जोडी आहे. एक पिस्टन ज्या कामात असतो, त्याचा जोडीदार बरोबर अर्ध्या चक्राने मागे असतो. म्हणून एकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना दुसऱ्याचा तोच व्हॉल्व्ह पूर्ण सैल असतो, आणि व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून आरशासारखी सारखी असल्याने बेरीज नऊ येते. साठ वर्षं वापरलेला हिशेब अब्बांना पहिल्यांदा कोणीतरी उलगडून दाखवत होतं. त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. रात्री जेवताना मला म्हणाले, "हिचे हात काळे झाले तरी चालतील. हिचं पुस्तक पक्कं आहे."

दोन कार्बोरेटरचं कोडं शेवटी आलं. ते एसयू कंपनीचे. एसयू म्हणजे स्किनर युनियन. हे स्किनर घराणं मूळचं बूट-चपलांच्या धंद्यातलं, त्यामुळे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये कातड्याचा भाता असे. नंतर त्याच्या जागी पितळेचा-अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आला. रेस दिली की हवेच्या ओढीने पिस्टन वर उचलला जातो, त्याच्या तळाची निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोलला वाट मोठी होते. वरच्या नळीत थोडं तेल घालतात, ते पिस्टनला झटक्यात उडू देत नाही. फिरणारे भाग इतके थोडे की अब्बा त्याला 'गरीब माणसाचा कार्बोरेटर' म्हणत.

पण त्यांनी जन्मभर एकच कार्बोरेटर लावला होता. दोन असले की दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर दोन सिलिंडर काम करतात आणि दोन त्यांच्या जिवावर बसतात. शेजाऱ्यांनी त्यांना रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायला सांगितलं. डावा, उजवा, पुन्हा डावा. ज्याची फुस्स मोठी त्याचा स्क्रू थोडा मागे. मग पिस्टन नखाएवढा उचलून बघायचा: इंजिनाचा आवाज वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, आवाज बसला तर पेट्रोल कमी, किंचित वाढून पुन्हा पहिल्यासारखा झाला तर बरोबर. ७२ व्या वर्षी अब्बा शागीर्द झाले, आणि उस्ताद होता लाँगब्रिजचा एक गोरा. तासाभराने त्यांनी नळी बाजूला ठेवली. डोळे मिटून नुसते उभे राहिले, नाक्यावर उभे राहायचे तसे. स्क्रू पाव फेरा फिरवला. शेजाऱ्यांनी हवा मोजायचं पितळी यंत्र लावून पाहिलं. काटा दोन्हीकडे एकाच जागी होता.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी तो नेहमीचा विनोद टाकला होता. पंक्चरवाल्यांचा. तुम्ही वाचलाच असेल. नावं बदलतात, विनोद तोच. त्यात आमची लायकी पंक्चर काढण्याची असते आणि पुढे हसणारे चेहरे असतात. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. इथे लिहितो.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने नोंदवलंय की मुस्लिमांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करून पोट भरणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. पगारी नोकरीचं दार अरुंद असेल तर माणूस हाताच्या कामाकडे जातो, यात नवल काही नाही. पण विनोद करणाऱ्यांनाच दोष देऊन मी थांबणार नाही. तो टोमणा बाहेरून आला तरी त्याचं ओझं आपण घरातही वाहिलंय. 'मुलगा मिस्त्री आहे' म्हटल्यावर आपल्याकडे किती स्थळं परत जातात, हे आपल्याला माहीत आहे. दुबईत कारकून असलेला चालतो, चिपळुणात गॅरेज असलेला चालत नाही. अब्बांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला तेव्हा त्यांच्या मागे ही सगळी बिरादरी उभी होती.

इंग्लंडमध्ये हे काम प्रतिष्ठेचं आहे असंही समजू नका. शनिवारी, पेन्शनच्या पैशांवर, स्वतःच्या शेडमध्ये केलं तर त्याला वारसा जपणं म्हणतात. त्याची मासिकं निघतात, क्लब असतात. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रोड टॅक्स माफ, आमच्या शहरात प्रदूषणापायी दिवसाला आठ पौंड आकारतात तेही माफ. तेच काम पोटासाठी रोज करणाऱ्या सहा हजार माणसांना २००५ मध्ये कोणी वारसा म्हटलं नाही. शेजारी हे स्वतः सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज चढतो.

फुफीने फोनवर वेगळाच प्रश्न विचारला. ती स्पष्ट बोलते. "तिकडे घराची भिंत अजून ओली आहे आणि तू डब्यात पैसे घालतोस? ही फिजूलखर्ची नाही का?" प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे इस्राफ, म्हणजे गरज नसताना उधळणं, याबद्दल स्पष्ट ताकीद आहे. घराच्या दुरुस्तीचे पैसे मी आधी पाठवले होते, आणि ते तिलाही माहीत होतं. तरी शौकावरच्या खर्चाचा हिशेब प्रत्येकाने स्वतःला द्यावा लागतो. मी काही बोलणार तेवढ्यात अब्बांनी फोन घेतला. "याने व्याजाच्या हप्त्यावर नवी कोरी गाडी घेतली असती तर तू मिठाई मागितली असतीस," ते म्हणाले. फुफी हसली. मला ते पुरेसं उत्तर वाटत नाही, अजूनही नाही. पण त्या फोनमध्ये अब्बांचा आवाज चिपळूणच्या पुराआधीचा होता, आणि त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची ते मला कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. जायच्या आदल्या रात्री बॅग भरताना मी लुंगीतले पाने आणून ठेवले. त्यांनी गोटी पान्यांचा एक डबा उचलला, झाकण उघडलं, एकेक गोटी जागेवर आहे ना ते बघितलं आणि झाकण लावून डबा मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. "गॅरेज आता उघडत नाही मी," ते म्हणाले. "जागा भाच्याला देतो, तो टू-व्हीलरचं बघेल. त्याचे पाने वेगळे, मिलिमीटरचे. हे त्याला लागायचे नाहीत." पंधरा महिने ज्या प्रश्नाला 'बघू' हे उत्तर होतं त्याचा निकाल असा लागला. मला वाईट वाटलं. त्यांना वाटलं असेल तर दिसलं नाही.

गाडी आता बरी चालते. थंडीत सेल्फला थोडा वेळ लागतो, पाठीमागचे पाटे कुरकुरतात, आणि पावसात डाव्या दरवाजातून पाणी येतं ते अजून सापडलेलं नाही. दर तीन हजार मैलांना किंगपिनला ग्रीस मारायचं काम मुलीकडे आहे. शेजारी अजून ओरिजिनल क्लिपवरून टोमणे मारतात. रविवारी आम्ही चिपळूणला व्हिडिओ कॉल लावतो. अब्बा चेहरे बघून झाले की म्हणतात, फोन बॉनेटजवळ ने. इंजिन चालू करायचं, आणि तिकडे सगळ्यांनी गप्प बसायचं. मागच्या रविवारी त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि मुलीला म्हणाले, "सहा नंबरचा टॅपेट बोलतोय. तीन दाबून बघ."